कोकमाच्या लेबलवर 'चरबीच्या पेशी रोखतं' असं छापू का?

रातांबी_कुडाळ:
नमस्कार मंडळी. मी कुडाळजवळ घरगुती आगळ (कोकमाचा खारवलेला रस) आणि आमसुलं करते. आमसुलांना रसाचं शेवटचं पूट देऊन झालंय, आता लेबलं छापायची आहेत. माझा मावसभाऊ मुंबईत मार्केटिंगमध्ये आहे. त्याने कुठूनसा एक शोधनिबंध शोधून काढला. कोकमाच्या सालीतलं गार्सिनॉल नावाचं अँटिऑक्सिडंट म्हणे चरबीच्या पेशी तयारच होऊ देत नाही. तेच लेबलवर ठळक छापलं की पुण्यात बाटल्या दुप्पट भावाने जातील, असं त्याचं म्हणणं. सारांश मी वाचला (बीएस्सी आहे हो मी, वनस्पतिशास्त्र). खोटा वाटत नाही. पण मी जन्मभर सोलकढी पिते आणि वजन ७४ किलो आहे. याचा मेळ कसा लावायचा?

पेशीवाली:
निबंध खोटा नाही ताई, आणि तुमचं वजनही खोटं नाही. मी याच पेशींवर पाच वर्षं काम केलंय, म्हणून जरा लांबण लावते.

असल्या निबंधांत ताटलीत वाढवून ज्या पेशी वापरतात, त्यांचं नाव ३टी३-एल१. १९७०च्या दशकात हॉवर्ड ग्रीन यांच्या प्रयोगशाळेत उंदराच्या गर्भापासून त्या मिळाल्या. ताटलीत त्या एकमेकींना खेटेपर्यंत वाढू द्यायच्या, दोन दिवस थांबायचं, मग इन्शुलिन, डेक्सामेथासोन आणि आयबीएमएक्स या रसायनांचं तिखटमीठ घालायचं. त्या आणखी एकदोनदा विभागतात, मग पेशीला चरबीपेशी बनवणारं पीपीएआर-गॅमा हे प्रथिन जागं होतं आणि आठदहा दिवसांत पेशीत तेलाचे थेंब भरतात. तेलाला धरणारा ऑइल रेड ओ रंग घातला की लाल मणी दिसतात. फार सुंदर दिसतं ते.

पेशी अशी बदलायला थोडे ऑक्सिडंट रेणू लागतातच. ते अँटिऑक्सिडंटने टिपले की गाडी अडते. शिवाय हळदीतलं कर्क्युमिन, ग्रीन टीतलं ईजीसीजी, तुमचं गार्सिनॉल ही मंडळी इतर प्रथिनांच्या कामातही लुडबुड करतात. ताटलीत लाल मणी कमी होतात, हे खरंच.

पण कमी का झाले, हे पाहावं लागतं. मी कर्क्युमिन घातलं तेव्हा पहिल्याच खेपेला लाल रंग जवळपास गायब. आनंदाने सगळ्यांना चहा पाजला. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर मात्रा जास्त झाल्याने पेशीच मेल्या होत्या. मेलेली पेशी कुठून लठ्ठ होणार!

दुसरी अडचण मात्रेची. ताटलीत १० ते २० मायक्रोमोलर (हे द्रावणातल्या प्रमाणाचं एकक) कर्क्युमिन सहज घालतात. माणसांना एका वेळी ८ ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन दिलं, तेव्हा रक्तात जेमतेम २ मायक्रोमोलरपर्यंत पोचलं. हळदीत ते साधारण ३ टक्के असतं, म्हणजे पाव किलोहून जास्त हळद एका बैठकीत! गार्सिनॉल तर पिवळं असतं आणि पाण्यात फारसं विरघळत नाही. म्हणजे आगळात ते फारसं उतरणारच नाही; तुमच्या आगळाचा लाल रंग अँथोसायनिन या वेगळ्याच रंगद्रव्याचा आहे.

आणि चरबीच्या पेशी होऊच नयेत, हे मुळात हवंय का? मोठ्या माणसात दरवर्षी साधारण १० टक्के चरबीपेशी बदलतात, पण एकूण संख्या जवळपास तेवढीच राहते. जादा तेल ठेवायला पेशी नसल्या, तर ते यकृतात आणि स्नायूंत जातं. ज्यांच्यात ही चरबी जन्मतःच जवळजवळ नसते, ते दिसतात सडपातळ, पण त्यांना भयंकर मधुमेह होतो. उलट पायोग्लिटाझोन ही मधुमेहाची गोळी पीपीएआर-गॅमा जागं करून नव्या चरबीपेशी घडवते. वजन वाढतं, साखर उतरते. माझी आई ती घेते, त्यामुळे घरात या विषयावर मला फार बोलू देत नाहीत.

आजी_वेंगुर्ला:
सोलकढी जेवण जिरवूक असता गो, बारीक होऊक नाय. आणि वजनाचा म्हणशीत तर तुमचा ता अमृत कोकम बघ. सालींच्या दुप्पट साखर घालतत त्यात.

गोळीवाला_सांगली:
माझं औषधांचं दुकान आहे. लेबलचं जपून. २०१८ पासून खाद्यपदार्थांवरच्या दाव्यांचे वेगळे नियम आहेत, पुराव्याशिवाय असलं छापता येत नाही. 'नैसर्गिक' अर्काच्या कॅप्सूल तर मी ठेवणंच सोडलं. ग्रीन टीच्या अर्कातून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी गेलं तर यकृताला त्रास होऊ शकतो, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्येच सांगितलंय.

रातांबी_कुडाळ:
पेशीवाली, तुमचं सगळं दोनदा वाचलं. भावाला पाठवलं, तो म्हणतो 'मग निदान अँटिऑक्सिडंटयुक्त तरी लिही'. मी 'घटक: कोकम रस, मीठ' एवढंच छापायला दिलंय. आजी, अमृत कोकमाला साखर दुप्पट नाही, मी दीडपटच घालते. आमसुलं अजून ६ किलो शिल्लक आहेत, कुणाला हवी असतील तर सांगा.