धंदा म्हणजे मी नव्हे: जमतं का हे कुणाला?

रेघोट्या: मी चित्रकार, आठ वर्षं स्वतःच्या नावाने डिझाइनची कामं घेते. मध्यंतरी एका गिऱ्हाइकाने कळवलं, "पुस्तिकेचे रंग मेल्यासारखे दिसतात." बस, एवढंच. रात्रभर जागून मी सगळी पानं नव्याने रंगवली, फुकटात, वर माफीचा लांबलचक मेल. पुढे दुसऱ्या गिऱ्हाइकाकडून हीच तक्रार आली तेव्हा मी तापाने पडले होते, उत्तर मदतनीस मुलीने दिलं. तिने विचारलं, "कुठल्या कागदावर छापलंत?" कोटिंग नसलेला कागद निघाला. तो शाई पितो, रंग मंदावतात. चित्रात खोट नव्हतीच! पहिल्या वेळी हा साधा प्रश्न मला का सुचला नाही? कारण मला "रंग मेले" ऐकूच आलं नाही, "तू संपलीस" असं ऐकू आलं. तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय: धंदा टिकवायचा तर त्यातून स्वतःला बाजूला काढा. पाटीवरचं माझं नावही काढणार आहे.

तिरका डोळा: साफ असहमत. लोक तुमच्याकडे येतात ते तुमच्या हातासाठी. हात बाजूला काढल्यावर उरतं काय, बिलबुक? आणि बोलण्याचा राग मानू नका, पण एका वाक्याने जिची झोप उडते तिलाच मी काम देईन. ज्याला काहीच लागत नाही त्याच्याकडून कशाला करून घ्यायचं?

कच्ची वही: हिशेबात हा वाद कधीच मिटलाय. मालकाने घातलेले पैसे म्हणजे भांडवल, धंद्याचं मालकाला देणं. घरखर्चाला काढले की ती उचल. माणूस एक, वहीत मात्र दोन. पण ही भिंत वहीपुरतीच. एकल मालकीत धंदा बुडाला तर वसुली तुमच्या खासगी मालमत्तेपर्यंत येते. कंपनीचं निराळं. १८९६ साली इंग्लंडमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय) सॉलोमन नावाच्या बूटवाल्याच्या खटल्यात ठरवलं की २०,००७ पैकी २०,००१ शेअर त्याचे असले तरी कंपनी वेगळी आणि तो वेगळा. तेव्हा ताई, पाटीचं नंतर बघा. आधी बँक खाती वेगळी करा, स्वतःला ठरावीक पगार लावा. मंदीच्या महिन्यात "मी नालायक" असं वाटणं निम्मं तिथेच कमी होतं, स्वानुभव आहे.

दुपारची डुलकी: नावावरून आठवलं. मेकअपवाल्या बॉबी ब्राउनने १९९५ मध्ये आपली कंपनी एस्टी लॉडरला विकली, नावासकट. स्पर्धा न करण्याची अट २५ वर्षांची. ती संपल्यावर २०२० मध्ये नवा ब्रँड काढला तो 'जोन्स रोड' नावाने. स्वतःचं नाव स्वतःलाच वापरता येईना! पाटीवर नाव लावताना याचा विचार कोण करतं?

तिरका डोळा: अहो, हे तर माझ्याच बाजूचं उदाहरण झालं. नाव गेलं तरी नवा ब्रँड उभा केला तो त्याच बाईने. हात महत्त्वाचा, मी तेच म्हणतोय.

रेघोट्या: पगाराचं पटलं, या महिन्यापासून लावते. 'हाता'बद्दल मात्र एक कबुली देते. गेल्या वर्षी दोन मुखपृष्ठं पूर्णपणे त्या मदतनीस मुलीने काढली आणि माझ्या नावाने गेली. कुणाला फरक कळला नाही. उलट एकाने "खास तुमचा हात दिसतो" म्हणून कौतुक केलं. मला आनंद व्हायला हवा होता ना, धंदा माझ्यावाचून चालतोय म्हणून? झाला नाही.

तिरका डोळा: मग मुद्दाच बदलला. तिचं नाव का नाही घातलंत?

कच्ची वही: +१. पैसे तरी मुखपृष्ठाच्या दराने दिलेत की महिन्याच्या पगारात धरलेत?

रेघोट्या: पगारातच. तिने मागितले नाहीत, मी विषय काढला नाही. आता तिसरं मुखपृष्ठ तिच्याच टेबलावर आहे, शुक्रवारी जायचंय. तिचं नाव घालून पाठवते. गिऱ्हाईक काय म्हणतं ते इथे कळवेन.