कर्टन एअरबॅगसाठी वरचं व्हेरिएंट घ्यावं का?

खडीचा रस्ता: सहा एअरबॅगच्या (त्यात दोन कर्टन) सक्तीचा मसुदा 2022 मध्ये आला, तारीख ऑक्टोबर 2023 वर गेली आणि सप्टेंबर 2023 मध्ये गडकरींनीच सक्ती करणार नाही म्हणून सांगितलं. योग्यच झालं. मागच्या सीटवर बेल्ट लावायची बोंब, तिथे छताच्या कडेतून खिडक्यांवर कर्टन एअरबॅगचा पडदा पडून काय होणार? शिवाय एकदा उघडला की पडदा, रूफ लायनिंग, पिलरची कव्हरं, कंट्रोल युनिट, सगळा खर्च. त्यापेक्षा चांगले टायर घ्या.

पाना-पकड: बेल्ट हवाच, पण बाजूने धडक बसली की बेल्ट डोकं धरून ठेवत नाही. समोर चेपायला बॉनेट तरी असतं, बाजूला दार आणि माणूस यांत जेमतेम वीतभर जागा. भारत एनकॅपमध्ये, म्हणजे गाड्यांना धडक चाचणीवरून तारे देणाऱ्या आपल्या सरकारी योजनेत, तीन तारे किंवा वर हवे असतील तर गाडी 29 किमी वेगाने बाजूने खांबावर आदळवतात. खांब 254 मिमी जाडीचा, डमीच्या डोक्याच्या रेषेत. सीटमधली साइड एअरबॅग बरगड्या सांभाळते, डोकं बहुतेक वेळा उघडंच राहतं. पडदा साधारण 20-30 मिलिसेकंदांत काच आणि डोक्याच्या मध्ये येतो. आपल्या जुन्या राज्यमार्गांकडेच्या वडांचे बुंधे त्या खांबाहून कितीतरी जाड आहेत!

खडीचा रस्ता: हे चाचणीतलं. रस्त्यावरचं काय?

पाना-पकड: अमेरिकेत आयआयएचएस या रस्तासुरक्षा संस्थेच्या अभ्यासात डोकं वाचवणाऱ्या साइड एअरबॅगमुळे, चालकाच्या बाजूने धडक बसल्यावर चालकाच्या मृत्यूचा धोका कारमध्ये 37 आणि एसयूव्हीत 52 टक्के कमी दिसला.

खडीचा रस्ता: तिथल्या गाड्या, तिथले रस्ते. आणि आकडा चालकाचा. मागच्यांचं काय ते यातून कळत नाही.

तिरका टायर: दोघांनाही एक सांगतो. समोरच्या एअरबॅगला हवा सोडायची भोकं असतात, ती लगेच बसते. पडद्याला ती नसतात, कापडावर लेप असतो, म्हणून तो काही सेकंद फुगलेला राहतो. गाडी उलटताना कोलांट्या चालू असेपर्यंत तेच कामाचं. पण उलटणं ओळखणारा सेन्सर सगळ्या गाड्यांत नसतो. नसेल तर बाजूने धक्का जाणवला तरच पडदा उघडणार. शोरूममध्ये हे विचारा. सात सीटर असेल तर पडदा तिसऱ्या रांगेपर्यंत पोचतो का, तेही. काहींत दुसऱ्या रांगेवरच संपतो.

पाना-पकड: मान्य. आणि पैसे मोजून घेतलेला पडदा डॅशकॅमच्या वायरने अडवू नका. बाहेर बसवणारे घाईत ए-पिलरच्या (समोरच्या काचेशेजारचा खांब) कव्हरमध्ये बोट घालून वायर पडद्याच्या पुढून ओढतात. वायर पडद्याच्या मागून न्यायची, गाडीच्या मूळ वायरिंगच्या जुडग्याला (हार्नेस) टाय मारायची. कव्हर काढायचं तर आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा, मॅन्युअलमध्ये दिलीय तेवढी मिनिटं थांबा, एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला हात नको. कव्हरची क्लिप तुटली तर नवीनच, फेव्हिक्विक लावून चिकटवलेलं कव्हर पडद्याला वाट देईलच असं नाही.

खडीचा रस्ता: सीट कव्हरवाल्यांनाही हेच सांगा, ते सीटमधली एअरबॅग शिवून टाकतात. तरी माझं मत तेच: आधी सगळ्या सीटना तीन पॉइंटचा बेल्ट, मग पडदा.

तिरका टायर: आणि वरच्या हँडलच्या हुकाला लाकडी हँगर नको. पडदा तिथूनच सुटतो.