रोजच्या वापरासाठी पुन्हा रन-फ्लॅट टायर घ्यावेत की साधे ट्यूबलेस?

जुळे सोलापूरकर
नमस्कार. दोन वर्षांपूर्वी मी २०१७ सालची, जर्मन बनावटीची एक सेडान जुन्या बाजारातून घेतली. तिला मुळातच १७ इंची रन-फ्लॅट टायर, म्हणजे हवा गेल्यावरही काही अंतर चालणारे टायर, आहेत आणि डिकीत स्टेपनीसाठी जागाच ठेवलेली नाही. आता चारही टायर झिजले आहेत आणि घरात दोन पक्ष पडले आहेत. माझी पत्नी मंगळवेढ्याच्या महाविद्यालयात शिकवते. आठवड्यातले चार दिवस ती एकटी गाडी घेऊन जाते, आणि हिवाळ्यात परतताना बेगमपूरच्या पुलापाशीच अंधार पडतो, त्यामुळे रन-फ्लॅटच हवेत असा तिचा आग्रह आहे. आईला मणक्याचा त्रास आहे. दर गुरुवारी आम्ही तिला अक्कलकोटला नेतो, तेव्हा रस्त्यातला प्रत्येक खड्डा आपल्या पाठीत उतरतो अशी तिची तक्रार असते, आणि ती खोटी नाही. साधे टायर लावल्यास गाडी खरोखरच मऊ चालेल का, आणि मग स्टेपनीचे काय करावे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

टायरवाला एमएच १३
साहेब, आधी एक गैरसमज दूर करतो, कारण दुकानात रोज कोणीतरी तो घेऊन येतो. रन-फ्लॅट टायरही पंक्चर होतो. खिळा आणि बाभळीचा काटा टायरची जात पाहत नाहीत. फरक इतकाच की साध्या टायरमधली हवा गेली की त्याच्या बाजू दुमडतात आणि रिम रस्त्याला टेकते, तर रन-फ्लॅटच्या बाजूंना आतून जाड, कडक रबराचा थर असल्यामुळे हवा पूर्ण गेल्यावरही त्या गाडीचे वजन काही काळ पेलतात. हा काळ सर्वसाधारणपणे ताशी ८० किलोमीटरच्या आतल्या वेगाने ८० किलोमीटर अंतर इतका धरला जातो. सोलापूर ते मंगळवेढा हे अंतर त्याहून बरेच कमी आहे, म्हणजे वाटेत कुठेही हवा गेली तरी ताई एका टोकाला नक्की पोहोचतील. मात्र हवा नसताना त्या बाजू सतत लवत राहतात आणि त्यातून उष्णता निर्माण होते. आपल्याकडच्या मे महिन्यातल्या दुपारी, गाडीत पाच माणसे आणि सामान असताना, मी स्वतः त्या ८० किलोमीटरवर विसंबणार नाही. वेग पन्नासवर आणून जवळचे गाव गाठावे.

जो जाडपणा गाडी पेलतो तोच आईंच्या पाठीला लागतो, त्यामुळे साध्या टायरने फरक नक्की पडेल. पण खड्ड्यात जोरात आपटून टायरला फुगा येणे किंवा रिम वाकणे यापासून रन-फ्लॅटही वाचवत नाही. शिवाय हवेशिवाय चालवलेला रन-फ्लॅट दुरुस्त करून देण्याचे मी टाळतो, कारण आतली भिंत किती भाजली आहे ते बाहेरून दिसत नाही. तिथे टायर बदलण्याचाच खर्च धरून चाला.

रेल्वे लाइन्स
मी याच कोड्यातून गेलो आहे आणि साधे टायर घेतले. पहिले सहा महिने गाडी इतकी शांत चालली की आधीच का बदलले नाहीत असे वाटत होते. मग एका रात्री पुण्याहून येताना टेंभुर्णीच्या अलीकडे रस्त्यावर पडलेल्या पत्र्याने टायर बाजूने फाटला. सोबत हवेचा पंप आणि छिद्र बुजवणाऱ्या द्रावाची बाटली होती, परंतु तो द्राव टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागातले बारीक छिद्रच बुजवू शकतो, बाजूच्या चिरेपुढे त्याचे काही चालत नाही. दोन तास महामार्गाच्या कडेला, शेजारून उसाच्या ट्रॉल्या जात असताना, कुटुंबासह उभे राहिलो. त्यानंतर बारीक चाकाची स्टेपनी, जॅक आणि पाना घेतला. ते सामान आता डिकीत पट्ट्याने बांधलेले असते आणि पुण्याला जाताना बॅगा मागच्या आसनावर ठेवाव्या लागतात. गंमत म्हणजे त्या बारीक स्टेपनीवरही ताशी ८० चीच मर्यादा लिहिलेली आहे.

साधे घेणार असाल तर चारही एकदम घ्या, दोन असे नि दोन तसे करू नका. आकाराबरोबर भारांकही मूळ टायरइतकाच असू द्या. माझ्या टायरवर ९४ आहे, म्हणजे एका चाकावर ६७० किलो. तसेच विम्याच्या आणि वॉरंटीच्या अटी आधी वाचून घ्या. स्टेपनी नसणे हा स्वतःहून गुन्हा नाही. २०२० च्या नियम-दुरुस्तीनुसार ट्यूबलेस टायर, हवेच्या दाबावर लक्ष ठेवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असेल तर साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला स्टेपनीची सक्ती नाही.

विजापूर रोडची सून
दादा, टायरला दोष देण्यापूर्वी हवा मोजली आहे का? आमच्याकडे हवा भरणारा मुलगा प्रत्येक गाडीत सरसकट चाळीस पीएसआय दाबाची हवा भरत असे. कारखान्याने ठरवलेला आकडा चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेला असतो. तो थंड टायरचा असतो, म्हणून सकाळी, गाडी निघण्यापूर्वी मोजावे. उन्हात तापलेल्या टायरमधला दाब वाढलेला दिसतो म्हणून तेव्हा हवा काढू नये, संध्याकाळी टायर निवला की ती कमी पडते. रन-फ्लॅटला ही काळजी दुप्पट घ्यावी लागते, कारण हवा गेल्याचे डोळ्यांना दिसत नाही, समोरचा दिवा लागेल तेव्हाच कळते. काही गाड्यांमध्ये तो दिवा चाकांच्या फिरण्यातल्या फरकावरून लागतो. अशा यंत्रणेला चारही टायर सारखेच उतरले तर काहीच कळत नाही. त्यामुळे आपली असेल तशी यंत्रणा समजून घ्या आणि हवा भरल्यावर ती पुन्हा सेट करायला विसरू नका.

जुळे सोलापूरकर
सर्वांचे आभार. आज सकाळी हवा मोजली. पट्टीवर ३२ आहे, टायरमध्ये ३९ ते ४१ होती. ३२ करून विजापूर रस्त्यावर फेरी मारली, तर धक्के निम्मे झाले नाहीत, पण कमी झाले हे आईनेच सांगितले. मागचे आसन मागच्या चाकांच्या अगदी जवळ येते हेही लक्षात आले, म्हणून परतताना तिला पुढे बसवले आणि मी मागे बसलो. घरी आल्यावर ती म्हणाली, "मला आता पुढेच बसू दे, टायर सुनेच्या मनासारखे घे." चार रन-फ्लॅट सांगितले आहेत. निर्मितीचा आठवडा आणि वर्ष दाखवणारे चार अंक तपासल्याशिवाय घेणार नाही, असे दुकानदाराला बजावले आहे.

टायरवाला एमएच १३
योग्य केलेत. बसवताना मात्र बाजू कडक असलेले टायर चढवण्यासाठी जादा हात असलेले मशीन ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच जा. लोखंडी पहारीने ओढून बसवले तर टायरची कड फाटते आणि अलॉयवर ओरखडे येतात. अलाइनमेंटही त्याच दिवशी करून घ्या.