आईची गोधडी वाकडी जातेय, शुगरमुळे असेल का?

औशाची लेक: आई ६९ वर्षांची, शुगर १७ वर्षांपासून. गोधडी शिवण्यात गावात तिचा हात कुणी धरत नव्हतं. दिवाळीपासून चौकोनाला चौकोन जुळेना. मोतीबिंदू काढलाय, सुई स्वतः ओवते, पण ठिगळ कुठं बसवायचं तेच उमगेना. काल अर्धी गोधडी उसवून गप बसून राहिली. भाऊ म्हणतो, वय झालं. मला नाही पटत. लई जीव तुटतो.

परळीची सिस्टर: ताई, नुसतं वय म्हणून सोडू नका. डोळा बघतो, पण आकार आणि जागा यांची जुळवाजुळव मेंदू करतो. जुन्या शुगरनं मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्याही खराब होतात. डोळ्याचा पडदा तपासा, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) करा. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ जीवनसत्त्व पण बघा; ते कमी पडलं तरी विसरभोळेपणा येतो, आणि ते भरून काढता येतं. डॉक्टरांना गोधडीचं जरूर सांगा. ते कागदावर घड्याळ काढायला लावतील, तीही मेंदूची तपासणीच.

अंबाजोगाईकर: शुगर कमी तर होत नाही ना? आमचे वडील उपाशीपोटी गोळी घ्यायचे. एकदा ५८ भरली, अंगणात उभं राहून घराचं दार शोधत होते. ७० च्या खाली गेली की लगेच साखरपाणी द्या. म्हाताऱ्या माणसाची शुगर फार ताणून खाली ठेवणंही बरं नाही.

औशाची लेक: आई एकादशीला निर्जळी करते, गोळी मात्र चुकवत नाही! हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. सोमवारी लातूरला नेते, गोधडी सोबत घेऊन.