मदत हवी आहे : भाच्याच्या रागावर काम करणारं कोणी माहीत आहे का? (ठाणे / कळवा / ऐरोली)

नमस्कार मंडळी. माझा भाचा, वय 19, कळव्यात राहतो. मनाने वाईट नाही, पण टाळकं सटकलं की समोर कोण आहे ते त्याला दिसत नाही. परवा पार्किंगवरून शेजाऱ्याशी वाजलं, तर हा बाइकच्या डिकीतून पाना काढून धावला. लोकांनी आवरलं म्हणून निभावलं. घरी आला तेव्हा हात थरथरत होते आणि तोंडात एकच, "त्यानेच सुरुवात केली." मला त्या पान्यापेक्षा या वाक्याची जास्त भीती वाटते.

ताई म्हणते, नोकरी लागली की सुधारेल. मला नाही पटत.

1994 मध्ये किरण बेदी तिहार तुरुंगाच्या प्रमुख असताना तिथे हजारएक कैद्यांचं विपश्यना शिबिर झालं होतं. मग आत जायच्या आधीच का नको? पण इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात दहा दिवस मोबाइलशिवाय, मौनात हा टिकेल का? ढकलून पाठवण्यात तर अर्थच नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर दिलाय, अजून लावलेला नाही.

ठाणे-नवी मुंबईत तरुण पोरांशी त्यांच्या भाषेत बोलणारे समुपदेशक कोणी सुचवाल का? फी साधारण किती? आणि ज्यांच्या घरी असं पोरगं होतं, त्यांनी त्याला पहिल्यांदा जायला तयार कसं केलं? "दोन कानाखाली द्या" हा सल्ला कृपया नको, तो प्रयोग त्याच्या वडिलांनी भरपूर करून झालाय.