शब्दचर्चा: फोटोओळीत ‘बुटका’ चालेल का?

प्रश्न
व्हिक्टोरियन काळातल्या फोटोंचा एक स्लाइड-शो करतेय. फोटोओळी मराठीत हव्यात, आणि एका फोटोपाशी अडले आहे. न्यूयॉर्क, १८६३, मॅथ्यू ब्रेडीच्या स्टुडिओतला लग्नाचा फोटो. नवरदेव चार्ल्स स्ट्रॅटन ऊर्फ ‘जनरल टॉम थंब’, नवरी लॅव्हिनिया वॉरन, बेस्ट मॅन ‘कमोडोर’ जॉर्ज नट आणि नवरीची पाठराखीण म्हणून धाकटी बहीण मिनी. चौघंही फार कमी उंचीचे, लॅव्हिनिया तर जेमतेम ३२ इंच. मूळ इंग्रजी ओळीत ‘मिजेट’ हा आता अपमानकारक मानला जाणारा शब्द आहे, तो घ्यायचाच नाही. ‘बुटके कलाकार’ लिहून पाहिलं, डोळ्यांना खुपलं. तुम्ही काय लिहाल?

प्रतिसाद
खुपणारच. ‘तो बुटका’ ही अर्धी शिवी आहे आणि ‘बुटबैंगण’ पूर्ण. ‘ठेंगू’ त्याच घरातला. ‘ठेंगणा’ मात्र सौम्य आहे, नवीन सुनेला ‘ठेंगणी ठुसकी’ कौतुकानेच म्हणतात. ‘खुजा’ला उंचीचा अर्थ फारसा उरलेला नाही. खुजं नेतृत्व, खुजी मनोवृत्ती असाच तो आता छापून येतो. सोलापूर-बेळगावकडे कन्नडमधून आलेला ‘गिड्डा’ आहे. दोस्तांमध्ये खपतो, छापील ओळीत नाही खपायचा.

प्रतिसाद
‘वामन’ घ्या की. बोन्सायला आपण वामनवृक्ष म्हणतो. खगोलवाल्यांनी ‘बटू’ उचललाय: श्वेत बटू, आणि २००६ पासून प्लूटो हा बटुग्रह.

प्रतिसाद
झाडा-ताऱ्यांना चालतं हो. माणसाला ‘वामन कलाकार’ म्हटलं की एखाद्या जातीचा नमुना दाखवल्यासारखं वाटतं. शिवाय आमच्या ओळखीचे सगळे वामनराव चांगले उंचेपुरे!

प्रतिसाद
‘मिजेट’विषयी थोडं. ‘मिज’ म्हणजे चिलटाच्या जातीची माशी, त्यावरून हा शब्द. पूर्वी अंगाने प्रमाणबद्ध असलेल्यांना ‘मिजेट’ आणि हातपाय आखूड असलेल्यांना ‘ड्वार्फ’ म्हणायची पद्धत होती. वाढीचं संप्रेरक कमी पडलं तर सगळं शरीर सारख्याच प्रमाणात लहान राहतं. अकॉन्ड्रोप्लेसिया या हाडांच्या जन्मजात विकारात मात्र मुख्यतः हातापायांची हाडं आखूड राहतात. फोटोंवरून स्ट्रॅटन पहिल्या प्रकारातला दिसतो. मराठीत या भेदाला वेगळे शब्द नाहीत, आणि त्यात काही बिघडलं नाही. त्या भेदाचा उपयोग तिकीटबारीवरच जास्त झाला. अमेरिकेत बिली बार्टी यांनी १९५७ मध्ये संघटना काढली तेव्हा तिच्याही नावात ‘मिजेट्स’ होतं, पुढे ते बदलून ‘लिटल पीपल ऑफ अमेरिका’ केलं. त्याचं शब्दशः ‘छोटे लोक’ मात्र करू नका. मराठीत छोटे लोक म्हणजे ज्यांना कुणी विचारत नाही ते.

प्रतिसाद
‘लहान चणीचे’? ऐकायला गोड आहे.

प्रतिसाद
गोड आहे, पण सैल आहे. लहान चणीचा फलंदाजही असतो, तो काही ३२ इंचांचा नसतो.

प्रतिसाद
सगळे उंचीतच अडकलात, फोटोतलं बाकीचं बघा की. हे फोटो ‘कार्त द व्हिझित’ म्हणून खपायचे. साधारण अडीच बाय चार इंचांचा पुठ्ठा, त्यावर चिकटवलेला पातळ कागदी फोटो. पॅरिसच्या डिझ्डेरीने १८५४ मध्ये याचं पेटंट घेतलं. एकाच काचेवर आठ छब्या निघायच्या, म्हणून स्वस्त. घराघरांतल्या अल्बममध्ये राणी, लिंकन आणि टॉम थंब शेजारी शेजारी. उंची नजरेत भरावी म्हणून बाजूला नेहमीच्या मापाची खुर्ची किंवा टेबल ठेवायचं, ही फोटोग्राफरची ठरलेली युक्ती.

आता माणूस. स्ट्रॅटनचा जन्म १८३८ चा, ब्रिजपोर्ट, कनेटिकटचा. १८४२ मध्ये पी. टी. बार्नम या अमेरिकन खेळवाल्याने त्याला उचललं तेव्हा पोरगं चार वर्षांचं, उंची २५ इंच. जाहिरातीत वय ११ लावलं, म्हणजे उंचीचं नवल आणखी वाढलं! १८४४ मध्ये बकिंगहॅम राजवाड्यात खेळ झाला. राणीला पाठ दाखवायची नाही म्हणून सगळे उलट्या पावली निघाले. बार्नमची पावलं लांब, याची आखूड. मागे पडला की हा वळून चार पावलं पळायचा आणि पुन्हा तोंड राणीकडे करून उलटा चालायचा. त्या पळापळीने राणीचा पूडल कुत्रा भुंकत अंगावर आला, तर या सहा वर्षांच्या पोराने हातातली छडी तलवारीसारखी परजली. ही हकीकत बार्नमचीच, तेव्हा मीठमसाला धरूनच वाचावी. पण गाणं, नाच, नेपोलियनची नक्कल हे सगळं तो खरोखरच करायचा. १८५६ मध्ये बार्नमचं दिवाळं वाजलं, तेव्हा पुन्हा त्याच्याबरोबर दौरा करून त्याला सावरायला मदत केली ती यानेच.

म्हणून माझं मत: आधी नाव, मग पेशा, आणि उंची सरळ आकड्यात. विशेषण लागतच नाही.

प्रतिसाद
अनुमोदन. ‘जनरल’ला अवतरणचिन्ह हवंच. हुद्दा बार्नमने बहाल केलेला, जॉर्ज नटचं ‘कमोडोर’ही तसलंच. आणि ‘जोकर’ लिहू नका. १८८० मध्ये विष्णुपंत छत्र्यांनी सर्कस काढली, तेव्हापासून मराठी डोळ्याला कमी उंचीचा कलाकार म्हटलं की सर्कशीतला जोकरच दिसतो. स्ट्रॅटन न्यूयॉर्कच्या रंगमंचावरचा गाता नट होता.

प्रतिसाद
‘दिव्यांग’ही नको. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत प्रौढ वयात १४७ सेंमी किंवा त्याहून कमी उंची येते, हे बरोबर. सवलतींसाठी तो शब्द हवाच. पण १८६३ च्या फोटोवर तो शिक्का कशाला?

प्रश्नकर्ती
आभार. अशी ओळ केली: ‘नट चार्ल्स स्ट्रॅटन (रंगमंचावरचं नाव ‘जनरल टॉम थंब’) आणि लॅव्हिनिया वॉरन यांचं लग्न, न्यूयॉर्क, १० फेब्रुवारी १८६३. दोघांचीही उंची तीन फुटांच्या आत.’ याच मालिकेत दोघांचा तान्ह्या बाळासोबतचाही एक फोटो आहे, त्याखाली ‘स्ट्रॅटन कुटुंब’ लिहिते.

प्रतिसाद
ते ‘कुटुंब’ काढा! बाळ उसनं होतं. फोटो खपावेत म्हणून बार्नमने आणवलेलं. आम्हाला मूल कधी झालंच नाही, असं पुढे लॅव्हिनियानेच सांगितलं. ‘जाहिरातीसाठी काढलेला फोटो’ एवढंच लिहा.