संकरित झाडाचं बी पुढे धरायचं का?

संकर जोमदार वाढतो, मग त्याचंच बी पेरलं तर काय बिघडलं, असं कुणीही विचारेल. बिघडतं! मँजियम आणि ऑरिक्युलिफॉर्मिस या अकेशिया झाडाच्या दोन जातींचा संकर घ्या. पहिली पिढी बऱ्यापैकी एकसारखी. तिच्या बियांतून मात्र सरमिसळ निघते. कुणाचं पान मँजियम आजीसारखं रुंद, कुणाचं खोड वाकडं. म्हणून व्हिएतनाममध्ये बी न पेरता छाटकलमं, म्हणजे फांद्यांचे तुकडे रुजवून केलेली रोपं लावतात. अर्थात कलमं म्हणजे एकाच झाडाच्या नकला, एक कीड आली की सगळीच सापडायची, हा धोका आहेच. एकसारखेपणा कसा नडतो ते सुबाभळीत दिसलं. ती स्वपरागित, म्हणजे स्वतःच्याच परागाने बी धरणारी, जगभर पसरली तीही मोजक्या वाणांतून. १९८०च्या दशकात सायलिड या रस शोषणाऱ्या किडीने ती देशोदेशी झोडपली. तेव्हा उपयोगी पडली मेक्सिकोतली फारशी कुणी न विचारलेली ल्युसीना पॅलिडा, सुबाभळीचीच एक भाऊबंद जात. तिच्याशी केलेला सुबाभळीचा संकर ही कीड बरीच सोसतो.